नितळ पाणी, निर्मळ पाणी

समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावर वसलेल्या पुण्याला समुद्र नाही. कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला, तरी शंभर किलोमीटरच्या आसपास दूर आहे. असे असूनही शहरातील काही दिवाणखान्यांत, हॉटेलांत आणि दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत काचेच्या पेट्यांमधून छोटे छोटे समुद्र नांदताना दिसतात. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा मुलांच्या ओळखीचा झाला. गोल्डफिश आणि गप्पी पाळणाऱ्या घरांमध्येही मग खाऱ्या पाण्याच्या टाकीचे कुतूहल जागे झाले.

कुतूहल आणि निगा यांच्यात मात्र मोठे अंतर आहे. हौसेने आणलेली टाकी महिना-दीड महिन्यात पांढुरकी होते, काचेवर तपकिरी थर चढतो आणि एखाद्या सकाळी मासा तळाशी निपचित पडलेला आढळतो. मग सुटीचा दिवस पाहून सारी टाकी रिकामी केली जाते, वाळू-दगड नळाखाली खळखळून धुतले जातात आणि नवे पाणी भरले जाते. टाकी लखलखते, परंतु उरलेले मासेही चार-आठ दिवसांत दगावतात. घाण पाण्याने मासे मेले, अशी घरच्यांची समजूत होते. वास्तविक अनेकदा त्यांचा बळी घेतलेला असतो तो या अतिस्वच्छतेने. खाऱ्या पाण्याची टाकी एकदाच भरपूर साफ करण्याने टिकत नाही. ती थोडी थोडी, परंतु न चुकता साफ करण्याने टिकते. या एका सूत्रामागील कारणे समजून घेतली, तर पुण्यासारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही हे काम अवघड नाही.

दिसते तसे नसते

पाणी नितळ आहे, म्हणजे ते माशांसाठी चांगले आहे, हा पहिला गैरसमज होय. माशांची विष्ठा, न खाल्लेले अन्न आणि सडणारे शेवाळ यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. मासे आपल्या कल्ल्यांवाटेही अमोनिया बाहेर टाकतात. या अमोनियाला रंग नाही. काचेतून पलीकडचे वर्तमानपत्र वाचता येईल इतक्या स्वच्छ पाण्यातही तो माशांचे कल्ले जाळू शकतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या दरम्यान, म्हणजे अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. त्यामुळे पीएच सातच्या आसपास असलेल्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा सहन करू शकेल, तेवढाच खाऱ्या पाण्यात कित्येक पटींनी घातक ठरतो.

निसर्गाने या विषावर उतारा ठेवला आहे. दगडांवर, वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे काही जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, तर दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. नायट्राइटही अपायकारक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असले, तरी ते साचत गेल्यास शेवाळ माजते आणि प्रवाळासारखे नाजूक जीव खंगतात. जिवाणूंची ही वसाहत नव्या टाकीत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासे सोडू नयेत, असे जाणकार पुनःपुन्हा सांगतात. परंतु ‘पी हळद नि हो गोरी’ ही वृत्ती येथे आड येते. टाकी आणली त्याच दिवशी मासेही हवे असतात.

वाळू-दगड नळाखाली धुण्याने काय होते, हे आता लक्षात येईल. नळाच्या पाण्यातील क्लोरीन रोगजंतू मारण्यासाठीच असतो, आणि उपयुक्त जिवाणू व रोगजंतू असा भेद तो करीत नाही. महिनाभर खपून उभी राहिलेली वसाहत दहा मिनिटांत नष्ट होते. दुसऱ्या दिवसापासून अमोनिया साठू लागतो. पाणी नितळ असते आणि मासे मरत असतात.

घरी घडवायचा समुद्र

समुद्रापासून दूर राहून समुद्रजीव जगवण्याचा प्रश्न पुण्यापुरता नाही आणि नवाही नाही. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या इंग्रज महिलेने टॉर्की या किनाऱ्यावरील गावाहून प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिच्या घरी उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतले जाई आणि हे कष्टाचे काम घरातील मोलकरणीच्या वाट्याला येई. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. समुद्राचे पाणी वाहून आणण्याऐवजी क्षार मिसळून ते घरीच तयार करण्याचा प्रयोगही गॉस यांनी केला. आज पुण्यातील टाकीत जे पाणी असते, ते याच परंपरेतील आहे.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी पाहिले. रत्नागिरीतही कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. अशा संस्थांच्या दाराशी समुद्र आहे. पुणेकराने मात्र सहलीहून येताना कॅनमध्ये समुद्राचे पाणी भरून आणण्याच्या मोहात पडू नये. किनाऱ्यालगतचे पाणी गाळाने आणि अनेक ठिकाणी सांडपाण्याने दूषित असते. पावसाळ्यात नद्यांचे पाणी मिसळून त्याची क्षारता घटते. शिवाय बंद कॅनमध्ये त्यातील सूक्ष्म जीव प्रवासातच मरून कुजू लागतात.

घरातले मीठ पाण्यात विरघळवूनही समुद्र तयार होत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड यांचा वाटा मोठा असला, तरी सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पीएच स्थिर ठेवणारे बायकार्बोनेट हे सारे ठरावीक प्रमाणात असावे लागतात. म्हणून मत्स्यालयांसाठी तयार केलेले कृत्रिम सागरी मीठच वापरावे लागते.

मिठाइतकेच महत्त्व ते ज्या पाण्यात विरघळवायचे त्या पाण्याला आहे. खडकवासला धरणसाखळीतून येणारे पुण्याचे पाणी मऊ, कमी क्षारांचे म्हणून नावाजलेले आहे. तरीही त्यात क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात ते कधी कधी गढूळ येते. उपनगरांतील अनेक सोसायट्यांमध्ये टँकर व बोअरचे पाणी मिसळलेले असते. दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेले हे पाणी जड असते. नायट्रेट, सिलिकेट, फॉस्फेट यांसारखी द्रव्ये नळावाटेच टाकीत शिरली, तर पाणी बदलण्याने शेवाळ कमी होण्याऐवजी वाढते. यावर उपाय म्हणजे आरओ आणि त्यापुढे डीआय, म्हणजे उरलेसुरले आयन काढून घेणाऱ्या राळेची नळी जोडलेले यंत्र. स्वयंपाकघरातील आरओ यासाठी सहसा चालत नाही, कारण पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यात काही क्षार मुद्दाम राखलेले किंवा मिसळलेले असतात. टाकीसाठीच्या पाण्याचा टीडीएस शून्याच्या जवळ असावा. तो मोजणारे छोटे पेनासारखे उपकरण बाजारात सहज मिळते.

आठवड्याची एक बादली

पाणी बदलण्याचा सर्वमान्य प्रघात दर आठवड्याला दहा टक्के किंवा पंधरवड्याला वीस टक्के असा आहे. दोनशे लिटरच्या टाकीसाठी आठवड्याला वीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली पाणी पुरते. त्याची तयारी आदल्या दिवशी करावी लागते.

खास याच कामासाठी ठेवलेल्या, साबणाचा कधीही स्पर्श न झालेल्या बादलीत वीस लिटर शुद्ध पाणी घ्यावे. त्यात सुमारे ७०० ते ७५० ग्रॅम सागरी मीठ हळूहळू मिसळावे. मीठ पाण्यात टाकायचे असते, मिठावर पाणी ओतायचे नसते. उलट क्रम झाला, तर काही क्षारांचा साका तळाशी बसतो आणि पाणी दुधाळ दिसते. छोट्या पंपाने हे पाणी रात्रभर ढवळत ठेवावे. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटर किंवा हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व मोजावे. ते २५ अंश सेल्सिअसला १.०२५ ते १.०२६ च्या आसपास भरले पाहिजे. नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान जुन्या पाण्याशी जुळल्याखेरीज ते टाकीत घालू नये.

प्रत्यक्ष सफाईस सुरुवात करण्यापूर्वी हीटर, पंप आणि स्किमर बंद करावेत. पाण्याची पातळी उतरल्यावर तापलेला हीटर उघडा पडला, तर त्याची काच तडकते. प्रथम चुंबकी घासणीने काचेवरील शेवाळ वरून खाली खरवडावे. घासणी आणि काच यांच्यामध्ये वाळूचा एक कण अडकला, तरी काचेवर कायमचा ओरखडा उठतो. त्यामुळे तळाजवळ विशेष जपावे. नंतर रबरी नळीने पाणी काढताना त्या ओढीबरोबरच वाळूवर बसलेला गाळ आणि दगडांच्या फटींतील कचरा उचलून घ्यावा. तोंडाने ओढून नळी सुरू करण्याची सवय आरोग्यास घातक आहे. हातपंप स्वस्तात मिळतो. दर वेळी वाळूच्या एका भागापुरतीच सफाई करावी, सारा तळ एकदम ढवळू नये. जाड थराच्या खोल भागात प्राणवायूविना तयार झालेला विषारी वायू त्यामुळे पाण्यात मिसळण्याचा धोका असतो.

फिल्टरचा स्पंज धुवायचा तो काढलेल्या जुन्या खाऱ्या पाण्यातच, नळाखाली कदापि नाही. स्पंज, दगड आणि वाळू ही तिन्ही एकाच दिवशी साफ करू नयेत. प्रथिने व तेलकट द्रव्ये फेसाच्या रूपात बाहेर काढणाऱ्या प्रोटीन स्किमरचा पेला मात्र दोन-तीन दिवसांनी धुणे आवश्यक असते. त्याच्या गळ्याशी चिकट थर बसला की फेस वर चढत नाही आणि यंत्र चालू असूनही काम थांबते. काच बाहेरून पुसतानाही फवाऱ्याचे रासायनिक द्रव टाकीजवळ वापरू नयेत, ओले फडके पुरेसे असते.

काढलेले खारे पाणी कुंड्यांना घालू नये, तुळस आठवड्यात करपेल. ते मोरीत ओतावे. याउलट आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी गोडे असते. शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट भरणारे हे पाणी फरशी पुसण्यास, स्वच्छतागृहात सहज वापरता येते. पाणीकपातीची टांगती तलवार असलेल्या शहरात एवढे भान मत्स्यप्रेमींनी ठेवायला हवे.

गणित काय सांगते?

पाणी बदलले की सारे दोष धुऊन निघतात, हा दुसरा गैरसमज आहे. समजा, एखाद्या टाकीत दर आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले, तर साचलेल्या नायट्रेटचाही दहावा हिस्साच बाहेर जातो. त्यामुळे पातळी चढत चढत लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या जवळ जाऊन थांबते, कारण तेथे ५० चा दशांश म्हणजे ५ बाहेर जातात आणि तेवढेच नव्याने तयार होतात. वीस टक्के पाणी बदलले, तर हाच आकडा २५ वर स्थिरावतो. परंतु पाणी दहा टक्केच बदलून, घाणीची आठवड्याची वाढ निम्मी केली, तरीही पातळी २५ वरच थांबते.

याचा अर्थ असा की, टाकीतील पाण्याचे भवितव्य बादलीइतकेच अन्नाच्या डबीवर अवलंबून असते. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. गोठवलेले अन्न गाळणीत धुऊन त्याचे पाणी फेकून द्यावे. माशांची संख्या मर्यादित ठेवावी. घरातील प्रत्येकाने येता-जाता चिमूटभर अन्न टाकले, तर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण नको त्या अर्थाने खरी ठरते.

पाण्याचा रंग ओळखावा

पाणी बिघडल्यास त्याचा रंग बरेच काही सांगतो. नव्या टाकीतील धुरकट पांढरेपणा बहुधा वाळूच्या धुळीचा किंवा मुक्त जिवाणूंच्या अचानक वाढीचा असतो. अन्न कमी करून, हवेचा पुरवठा वाढवून, अमोनिया तपासत धीर धरला, की तो काही दिवसांत निवळतो. पाण्याला हिरवी छटा आली, तर तरंगते शेवाळ, जादा प्रकाश आणि जादा पोषक द्रव्ये यांचा संशय घ्यावा. खिडकीतून थेट ऊन टाकीवर येत नाही ना, हे पाहावे. पिवळसर छटा विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांची असते. सक्रिय कोळशाची पिशवी ती शोषून घेते. मात्र हा कोळसा तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर दिसला, तर तो डायाटमचा असतो आणि नव्या टाकीत सहसा आपोआप ओसरतो. लाल-जांभळा बुळबुळीत पापुद्रा मात्र साचलेल्या घाणीचा आणि मंद प्रवाहाचा इशारा होय. असा थर नळीने ओढून काढावा आणि त्या कोपऱ्यात प्रवाह वाढवावा.

रंगावर विसंबून न राहता अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासण्याचा संच घरी ठेवावा आणि आठवड्याचे आकडे वहीत लिहावेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असणे हीच टाकीच्या प्रकृतीची खरी खूण आहे.

पुण्याचा उन्हाळा आणि गुरुवार

पुण्याचे हवामानही येथे परीक्षा पाहते. मार्च ते मे या काळात हवा कोरडी असते आणि दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत टाकीतील पाणी झपाट्याने उडून जाते. मात्र उडते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. दोनशे लिटरच्या टाकीतून दहा लिटर पाणी उडाले, तर ३५ ग्रॅमची क्षारता ३७ ग्रॅमच्या घरात जाते. ही तूट खाऱ्या पाण्याने भरून काढणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. तूट रोजच्या रोज शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी. काचेवर पातळीची खूण करून ठेवली, की अंदाज चुकत नाही.

टाकीचे तापमान २४ ते २७ अंशांदरम्यान राहावे. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडल्याने ते दोन-तीन अंशांनी उतरते, परंतु बाष्पीभवन वाढते. मोठ्या टाक्यांना चिलर लागतो. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश कमी प्राणवायू मावतो आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. म्हणूनच वळवाच्या पावसात वीज गेली आणि पंप थांबला, तर काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप किंवा इन्व्हर्टरवर घेतलेला एक पंप अशा वेळी टाकी वाचवतो.

पुण्यात पाणीपुरवठ्याच्या देखभाल-दुरुस्तीची कामे बहुधा गुरुवारी निघतात आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येते. पाणी सुरू झाल्यावर पहिला लोट कधी कधी गढूळ असतो. त्यामुळे आरओचे पाणी बुधवारपर्यंत साठवून ठेवणे श्रेयस्कर. वीस लिटर तयार खारे पाणी झाकून राखीव ठेवले, तर अचानक अमोनिया वाढल्यासही ते हाताशी असते. दिवाळीच्या सुटीत गावी जाताना शेजाऱ्यांवर टाकी सोपवायची झाल्यास अन्नाच्या मोजक्या पुड्या बांधून द्याव्यात, डबी देऊ नये.

काचेपलीकडचा समुद्र

या साऱ्या दक्षतेला केवळ हौसेचा हिशेब नाही. गोड्या पाण्यातील शोभेचे बहुतेक मासे संवर्धन केंद्रांत वाढवलेले असतात. याउलट सागरी मत्स्यालयांतील बहुतांश जातींचे मासे आजही थेट प्रवाळ खडकांतून पकडले जातात. टाकी बिघडून मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा आणला जातो, तेव्हा त्याची किंमत घरमालक रुपयांत मोजतो. समुद्र ती आणखी एका जिवाने मोजतो.

विदूषक मासा याला सुखद अपवाद आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याच्या काही जातींच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले असून, संवर्धित पिल्ले मिळू शकतात. नवख्यांनी अशाच माशांपासून सुरुवात करावी आणि विक्रेत्याला मासा कोठून आला, हे अवश्य विचारावे. प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. भारतीय किनाऱ्यावरून ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे. ‘जिवंत दगड’ या नावाखाली प्रवाळाचे तुकडे कोणी देऊ करीत असेल, तर ते नाकारावेत. सच्छिद्र सिरॅमिकवर किंवा कोरड्या कृत्रिम दगडांवरही जिवाणूंची वसाहत उत्तम वसते, केवळ काही आठवडे जास्त लागतात. महाराष्ट्राच्या स्वतःच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत आणि मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून अभयारण्य म्हणून राखलेला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

समुद्राजवळ भरती-ओहोटी आहे, लाटा आहेत, अथांग पाणी आहे. त्याची घाण तो स्वतः जिरवतो. काचेच्या दोनशे लिटरला यातले काहीच नाही. तेथे लाटेचे काम पंप करतो आणि भरतीचे काम आठवड्याची बादली. ती एक बादली वेळेवर भरण्याची तयारी असेल, तरच टाकी घ्यावी. तेवढा वेळ नसेल, तर मासे समुद्रातच बरे.